मुखपृष्ठ रंगवणाऱ्याचे नाव लिहा : ग्रंथालय संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रंथालय संचालक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) या गावातून हे पत्र लिहितो आहे. मागणे पैशाचे नाही, इमारतीचेही नाही. आपल्या खात्याच्या मान्यतेने राज्यात हजारो सार्वजनिक वाचनालये चालतात. तिथे जुने पुस्तक बांधणीला दिले की बाइंडर पहिले काम करतो ते मुखपृष्ठ काढून टाकण्याचे. मग तीन बाजूंनी कटिंग, जाड पुठ्ठा, कापडी कणा आणि वर दाखल क्रमांकाची चिठ्ठी. पुस्तक टिकते. चित्र जाते. ज्या पुस्तकांना आणि अंकांना बांधणीचाही मान मिळत नाही, म्हणजे कॉमिक्स, रहस्यकथा, जुने दिवाळी अंक, ते सगळे निर्लेखनाच्या (संग्रहातून काढून टाकायच्या) यादीत जाऊन रद्दीच्या काट्यावर चढतात.

यात कोणा ग्रंथपालाचा दोष काढायचा नाही. तुटपुंज्या मानधनावर कपाटे सांभाळणाऱ्या माणसाला जो नियम दिला, तो त्याने पाळला. नियमात मुखपृष्ठ हा शब्दच नाही, हे दुखणे आहे. आणि ज्यांचे आयुष्यभराचे काम फक्त मुखपृष्ठावरच होते, त्या चित्रकारांचे या व्यवस्थेत काहीच उरत नाही. त्यातल्या एकाविषयी सविस्तर लिहितो. आपल्या पिढीनेही त्याची चित्रे पाहिलेली असणार. नाव कदाचित ठाऊक नसेल.

त्यांचे नाव गोविंद ब्राह्मणिया. चित्रावर सही बी. गोविंद.

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पुढे अमर चित्र कथा उभी करणारे अनंत पै तेव्हा टाइम्समध्येच होते. पहिला अंक वेताळ या नायकाचा होता, किंमत साठ पैसे. आधी इंग्रजी, मग मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषा. मासिकाचे पाक्षिक झाले, पाक्षिकाचे साप्ताहिक. १९९० मध्ये बंद पडेपर्यंत अंकांचा आकडा आठशेवर गेला होता. आमच्या भागात हे अंक वर्धा स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवरून यायचे आणि एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहायचे. वर्ध्यात हिंदीचा वावर पहिल्यापासून मोठा. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून इथेच आहे. त्यामुळे एकाच घरात मोठ्याच्या हातात हिंदी वेताल आणि धाकट्याच्या हातात मराठी वेताळ असे सर्रास चालायचे. आतली भाषा बदलायची, मुखपृष्ठावरचे चित्र दोन्हींकडे तेच. तमिळ मुलाच्या हातात तेच, बंगाली मुलाच्या हातातही तेच. एका माणसाच्या कुंचल्यातून उतरलेले चित्र एकाच वेळी इतक्या भाषांच्या मुलांनी पाहिले, असे या देशात त्या काळी किती चित्रकारांच्या वाट्याला आले असेल?

आता हे मुखपृष्ठ मुंबईत का काढावे लागले, ते सांगितले पाहिजे, कारण कामाचे मोल त्यातच आहे. वेताळ हा ली फॉक या अमेरिकन लेखकाने फेब्रुवारी १९३६ मध्ये वर्तमानपत्रासाठी निर्माण केलेला नायक. रोज तीन-चार चौकटींची एक पट्टी, एवढाच त्याचा मूळ आकार. १९६१ पर्यंत विल्सन मॅकॉय यांनी आणि त्यानंतर साय बॅरी यांनी त्या पट्ट्या काढल्या. इंद्रजालमध्ये त्याच पट्ट्या कापून, जोडून, कधी चौकटीची कड छाटून पानात बसवल्या जात. पट्टीला मुखपृष्ठ नसते. म्हणून ज्या ज्या देशात वेताळाचे पुस्तक निघाले, त्या त्या देशाला मुखपृष्ठासाठी आपला चित्रकार शोधावा लागला. अमेरिकेत १९६२ पासून गोल्ड की या प्रकाशनासाठी जॉर्ज विल्सन यांनी ती मुखपृष्ठे रंगवली. स्वीडनमध्ये १९५० पासून निघणाऱ्या फान्टोमेन मासिकासाठी रॉल्फ गोस यांनी रंगवली. आणि मुंबईत गोविंद यांनी. नायक परका, आतली चित्रे परकी, कथा परकी. अंकावर आपल्या मातीतल्या माणसाचा हात कुठे दिसत असेल तर तो मुखपृष्ठावर.

आतली चित्रे रेघांची, सपाट रंग भरलेली. मुखपृष्ठ मात्र रंगवलेले, उजेड-सावलीचे, स्नायूंना गोलाई आणि कातळाला खरखरीतपणा असलेले. हा फरक आम्हा मुलांना शब्दांत सांगता आला नसता, पण कळायचा. अंक हातात आला की आधी मुखपृष्ठ पाहायचे, मग आत तो प्रसंग कुठे येतो ते शोधायचे. आतला प्रसंग सापडला की अनेकदा तो छोट्या चौकटीत दोन रेघांत उरकलेला असायचा आणि थरार बाहेरच राहिलेला असायचा. कथेतला नेमका कोणता क्षण उचलायचा, वेताळ समोरून दाखवायचा की पाठमोरा, संकट किती जवळ आणायचे, हे निर्णय घेणारा माणूस कथा नीट वाचणारा होता, हे त्या मुखपृष्ठांवरून आजही दिसते. नाव, क्रमांक आणि किंमत यांसाठी जागा मोकळी सोडायची, दुकानाच्या दोरीवर चिमट्याने लटकलेला अंक दहा हातांवरून ओळखू आला पाहिजे याचे भान ठेवायचे, आणि पुढचा अंक दाराशी उभाच. भारतीय वाचकाला बंगालची आठवण होऊ नये म्हणून फॉकच्या बंगाला देशाचे इंद्रजालमध्ये डेंकाली झाले. मला लहानपणी ते डेंकालीचे जंगल बोर धरणाच्या पलीकडचेच वाटायचे. फॉकने किंवा बॅरीने ते इतक्या जवळ आणले नसते. ते गोविंद यांनी आणले, असे मी ठामपणे मानतो.

पहिल्या बत्तीस अंकांत वेताळच होता. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर असे नायक आलटून पालटून आले. प्रत्येकाचे जग वेगळे, कपडे वेगळे, काळ वेगळा. जादूगाराचा झगा, अंतराळयान, न्यूयॉर्कमधला गुप्तहेर, हे सगळे एकाच टेबलावर. मग डिसेंबर १९७६ मध्ये आला बहादूर. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद. कुर्ता आणि जीन घालणारा, डाकूच्या पोटी जन्मून डाकूंशी लढणारा हा नायक भारतीय होता. परक्या नायकांची मुखपृष्ठे रंगवणाऱ्या माणसाला आता आतली पानेही आपलीच काढायची होती. चंबळचे दरोडेखोर तेव्हा रोजच्या वर्तमानपत्रात असत, त्यामुळे बहादूर आम्हाला बातमीइतका खरा वाटला. माझ्या मते गोविंद यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. मुखपृष्ठ रंगवणाऱ्याला प्रकाशनसंस्थेत सहसा सजावटकार समजले जाते. बहादूरने दाखवून दिले की हा माणूस पूर्ण कथा चित्रांतून सांगू शकतो, आणि ती परक्या वळणावर न जाता सांगू शकतो. आबिद सुरती यांचे नाव साहित्यात राहिले, ढब्बूजी या व्यंगचित्रमालिकेमुळे घरोघरी गेले, आणि ते योग्यच झाले. त्याच बहादूरच्या चित्रकाराचे नाव आपल्या एकाही वाचनालयाच्या तालिकेत शोधून सापडणार नाही, कारण तिथे ते लिहायला जागाच ठेवलेली नाही.

गोविंद एकटे नाहीत. त्यांच्या आधीची मराठी मुखपृष्ठांची परंपरा मोठी आहे आणि तिचे दोन मोठे मानकरी गोव्यातून मुंबईत आलेले. मडगावचे दीनानाथ दलाल, जन्म १९१६. अस्नोड्याचे रघुवीर मुळगावकर, जन्म १९१८. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचे दीपावली हे नियतकालिक काढले. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या राजा शिवछत्रपती या ग्रंथातली त्यांची चित्रे तर मराठी माणसाच्या डोळ्यांतले शिवकालीन चित्रच होऊन बसली. मुळगावकर मुंबईत चित्रकार एस. एम. पंडितांच्या हाताखाली तयार झाले आणि त्यांच्या देवदेवतांच्या कॅलेंडरांनी महाराष्ट्राच्या भिंती भरल्या. पण याच मुळगावकरांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही रंगवली, हे आज किती जणांच्या लक्षात आहे? अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांची नुसती नावे घेतली तरी सत्तरीतल्या माणसाचा चेहरा उजळतो. गावोगावच्या वाचनालयांना वर्गणीदार मिळाले ते या पुस्तकांनी. ग्रंथालय चळवळीचा इतिहास लिहिताना आपण थोर ग्रंथांची नावे घेतो. ती घ्यावीतच. पण शेतातून आलेला माणूस कंदिलाच्या उजेडात रात्री वाचायला बसला तो अर्नाळकर हातात घेऊन, आणि तो अर्नाळकर त्याने उचलला मुळगावकरांचे चित्र पाहून.

त्या पुस्तकांचे वाचनालयांत काय झाले ते मी पाहिले आहे. आमच्या भागातल्या एका वाचनालयात तपकिरी पुठ्ठ्यांतली एक रांगच्या रांग होती. शाईने क्रमांक टाकलेले, कणे चिकटपट्टीने सावरलेले. उघडले की थेट पहिले प्रकरण. एकाही पुस्तकावर मुखपृष्ठ नव्हते. त्याच कपाटाखाली सुतळीने बांधलेला जुन्या अंकांचा गठ्ठा होता, निर्लेखनाला काढलेला, त्यात इंद्रजालही होते. दलाल आणि मुळगावकर निदान नावाने जगले. त्यांची सही ठळक असे आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातीत त्यांचे नाव लेखकांच्या बरोबरीने छापले जाई. साठ पैशांच्या कॉमिक्सच्या चित्रकाराला ती जाहिरात कोण देणार? त्याची सही चित्राच्या कोपऱ्यात, बोटाच्या नखाएवढी, आणि अंक हाताळून फाटतो तो नेमका कोपऱ्यातच.

आपल्याला यावर हरकती सुचतील. कॉमिक्स म्हणजे ग्रंथ नव्हे, ही पहिली. पण आपल्याच खात्याचे अधिकारी मुलांना वाचनाची गोडी लावा म्हणून सांगत असतात. ती गोडी ज्या अंकांनी लावली, त्यांना ग्रंथ म्हणायचे की नाही हा वाद बाजूला ठेवू, नोंद तरी ठेवू. दुसरी हरकत कागदाची. हे अंक स्वस्त वर्तमानपत्री कागदावर छापलेले, तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो, पिना गंजतात. हे खरे आहे. मुखपृष्ठाचा कागद मात्र त्याहून बरा असतो आणि आतली पाने भुगा व्हायला आली तरी तो तग धरतो. म्हणजे सगळा अंक वाचवता येत नसेल तिथे मुखपृष्ठ वाचवणे अधिकच सोपे आहे.

तिसरी हरकत हक्कांची. स्वामित्व हक्क कायदा १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, आपल्याकडे छापील प्रत असलेल्या कृतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मोकळीक दिली आहे. विक्री नाही, व्यापार नाही, केवळ जतन. कायदा आपल्या बाजूने आहे. शिवाय १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यातले एक आपल्याच शहरात आहे. म्हणजे राज्याचे मध्यवर्ती भांडार आणि गावचे कपाट यांना जोडणारा धागा आपल्या खात्याच्या हातात आहे. तो इतर कोणाच्याही हातात नाही, म्हणूनच हे पत्र आपल्याला.

बाहेर हे काम कोणी केले ते पाहिले तर संकोच वाटतो. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस नावाची एक सूची १९९४ पासून चालली आहे. पगारी नोकर नाहीत, जगभरचे हौशी लोक ती भरतात. त्यात प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठाची नोंद कथेपासून वेगळी होते आणि मुखपृष्ठ कोणी काढले याला स्वतंत्र रकाना असतो. ज्यांच्या चित्रांवर एके काळी सहीसुद्धा नसे, अशा अमेरिकन मुखपृष्ठकारांची नावे अभ्यासकांनी आणि संग्राहकांनी एकेक करून शोधून काढली. आपल्याकडे सही असूनही नाव लिहिले जात नाही.

माझ्या जिल्ह्याचाच एक दाखला देतो. वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते ते सुरू झाले. खेड्यातल्या कारागिराच्या हातून घडलेली वस्तू, ती घडवण्याचे साधन आणि तिच्यामागचे कसब जपण्यासारखे आहे, हे त्या काळी या जिल्ह्याने मान्य केले. चरखा, घाणी, हातकागद यांना तिथे मानाची जागा मिळाली. छापखान्यासाठी, ठरल्या मुदतीत, ठरल्या मापात, पगारावर किंवा चित्रामागे मिळणाऱ्या मेहनतान्यावर काम करणारा चित्रकारही कारागीरच. कलादालनाने त्याला चित्रकार मानले नाही, साहित्याने त्याला लेखक मानले नाही. त्याचे काम ज्या एका ठिकाणी लोकांच्या हातात राहिले ते ठिकाण म्हणजे वाचनालय, आणि वाचनालयानेच ते फाडून टाकले तर दुसरीकडे कुठे शोधायचे?

आपल्याकडून जे हवे आहे ते सांगतो. एक परिपत्रक काढा. बांधणीला पुस्तक देताना मूळ मुखपृष्ठ काढून टाकू नये. पुठ्ठ्याच्या आत, पहिल्या पानाआधी ते चिकटवून किंवा शिवून घ्यावे, हे त्यात स्पष्ट लिहा. बाइंडरला यात जास्तीचे काम दोन मिनिटांचे. दाखल नोंदवहीत लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत या रकान्यांशेजारी मुखपृष्ठकार हा रकाना वाढवा. नव्या पुस्तकांत हे नाव आतल्या पानावर छापलेले असतेच. जुन्यांत सहीवरून लावता येते, आणि न लागले तर तसे लिहून ठेवता येते. निर्लेखनाची यादी मंजूर होण्यापूर्वी १९९० पर्यंतची कॉमिक्स, रहस्यकथा आणि दिवाळी अंक वेगळे काढून त्यांच्या मुखपृष्ठांचे छायाचित्र जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे पाठवण्याची अट घाला. मोबाइल आता प्रत्येक ग्रंथपालाच्या खिशात आहे. चांगल्या स्थितीतली एक प्रत जिल्ह्याच्या ठिकाणी राहावी, बाकीच्यांचे जे करायचे ते नियमाने करावे. हरकत नाही.

आणखी एक. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव होतो. ग्रंथदिंडी निघते, कवी येतात, स्टॉल लागतात. वर्ध्याच्या येत्या ग्रंथोत्सवात एक भिंत मुखपृष्ठांना द्या. दलाल, मुळगावकर, गोविंद, अमर चित्र कथेचे राम वाईरकर आणि प्रताप मुळीक, मराठी पुस्तकांना वेगळे रूप देणारे बाळ ठाकूर. प्रत्येक चित्राखाली नाव, पुस्तकाचे शीर्षक, वर्ष. लोक आपापल्या पेट्यांतून, माळ्यांवरून जुने अंक घेऊन येतील याची मला खात्री आहे. आंजी आणि आसपासच्या खेड्यांतून असे अंक गोळा करून वर्ध्याला पोहोचवण्याची जबाबदारी मी घेतो. त्यासाठी खात्याचा एक रुपयाही नको.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्या वर्षी इंद्रजाल तीन वर्षांचे होते आणि दलाल, मुळगावकर दोघेही काम करत होते. दलाल १९७१ मध्ये गेले, मुळगावकर १९७६ मध्ये. कायदा झाला तेव्हा या माणसांची नावे लिहायला एक रकाना ठेवला असता तर आज हे पत्र लिहावे लागले नसते. तो रकाना आता वाढवता येतो. ग्रंथालयांच्या पुढच्या वार्षिक तपासणीआधी परिपत्रक निघावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक
आंजी (मोठी), जि. वर्धा